किनाऱ्यावरची नोंद आणि कार्यालयातील अहवाल
संगणकावरील माहितीसाठ्याला प्रश्न कसा विचारावा?

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा दोराच्या दोन्ही टोकांना गावातील माणसे उभी असतात. जाळे सावकाश काठाला येते, मासळी वाळूवर ओतली जाते, तिची वर्गवारी होते, लिलाव पुकारला जातो आणि ठरलेल्या रिवाजाप्रमाणे वाटे पडतात. त्या दिवशी किती बांगडा मिळाला आणि प्रत्येकाच्या वाट्याला काय आले, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पुढे काही महिन्यांनी तीच मासळी एखाद्या छापील तक्त्यातील एका आकड्यात सामावलेली असते. त्या आकड्यावरून बंदराच्या सुविधांचा विचार होतो, डिझेल परताव्याची तरतूद ठरते, वादळानंतरच्या अर्थसाहाय्याचा अंदाज बांधला जातो. किनाऱ्यावरील नोंद आणि कार्यालयातील अहवाल यांच्यामध्ये जो प्रवास घडतो, तो आज बहुतांशी संगणकातून होतो. हा प्रवास कसा होतो आणि त्यात वाट कोठे चुकते, हे समजून घेणे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य या सर्वांनाच अगत्याचे झाले आहे.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. देवगड, मालवण व वेंगुर्ले हे तीन तालुके समुद्राला लागून आहेत. त्या काळी जिल्ह्याची आकडेवारी वह्यांत व प्रपत्रांत भरली जाई, तालुक्यावर तिचा गोषवारा निघे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हातानेच बेरीज होई. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनातील तक्त्यांमागे अशीच मेहनत असे. आता जन्ममृत्यूच्या नोंदी, ग्रामपंचायतीचे लेखे, शाळांचा पट, नौकांची नोंदणी हे सारे संगणकावर आले आहे. २०२५ मध्ये जिल्हा प्रशासनाच्या कामकाजात कृत्रिम बुद्धिमत्तेचाही वापर सुरू झाला. माहिती आहे, साधनेही आहेत. योग्य प्रश्न विचारणारी माणसे मात्र प्रत्येक कार्यालयात तयार व्हावी लागतील.

वही आणि सारणी

संगणकातील माहितीसाठा, म्हणजेच डेटाबेस, ही कल्पना कार्यालयातील नोंदवहीपेक्षा फारशी निराळी नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, डोळ्यांसमोर आणावी. तीत प्रत्येक मिळकतीसाठी एक ओळ असते आणि मालकाचे नाव, मिळकतीचे वर्णन, आकारणी अशा बाबींसाठी रकाने असतात. नमुना ९ मध्ये कराची मागणी व वसुली असते. दोन्ही वह्यांना जोडणारा दुवा म्हणजे मिळकतीचा क्रमांक. डेटाबेसमध्ये अशाच सारण्या असतात आणि त्या एकमेकींशी अशाच सामायिक क्रमांकांनी जोडलेल्या असतात.

या रचनेला शास्त्रीय पाया दिला तो आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी, १९७० साली. माहिती संगणकात प्रत्यक्ष कोठे व कशी साठवली आहे याची चिंता वापरणाऱ्याने करू नये, त्याने केवळ सारण्या, रकाने व त्यांचे परस्परसंबंध यांच्या भाषेत प्रश्न विचारावा, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी त्यासाठी एक प्रश्नभाषा सिद्ध केली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ या नावाने जगभर रूढ झाली. या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला ‘क्वेरी’ म्हणतात. मराठीत तिला पृच्छा म्हणता येईल.

‘बिझनेस इंटेलिजन्स’ हा शब्दप्रयोग त्याहूनही जुना आहे. आयबीएममधीलच हान्स पीटर लून यांनी १९५८ साली या नावाचा लेख लिहिला होता. आज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावली, उदाहरणार्थ पॉवर बीआय, टॅब्लो किंवा मुक्त परवान्याने मिळणाऱ्या सुपरसेट व मेटाबेस, एकच काम करतात. वापरणारा पडद्यावर रकाने निवडतो, अटी घालतो; आज्ञावली त्यावरून पृच्छा तयार करते, उत्तर मिळवते आणि ते तक्ता, आलेख वा नकाशा यांच्या रूपाने मांडते. शासनातही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने अशा प्रकारचे फलक विकसित केले आहेत. नाव व्यवसायाचे असले तरी साधन सार्वजनिक कामालाही तितकेच उपयुक्त आहे.

प्रश्नाची पाच अंगे

समजा, मत्स्यव्यवसायाच्या अधिकाऱ्यास असे हवे आहे: ‘मालवण तालुक्यातील केंद्रांवर डिसेंबर महिन्यात उतरलेला बांगडा, केंद्रनिहाय, जास्तीत जास्त ते कमीत कमी या क्रमाने.’ या एका वाक्यात पृच्छेची पाचही अंगे आली आहेत. काय हवे आहे, ते ‘सिलेक्ट’ या शब्दाने सांगितले जाते: केंद्राचे नाव व वजनाची बेरीज. कोणत्या सारणीतून, ते ‘फ्रॉम’ सांगतो. अट ‘व्हेअर’ने घातली जाते: तालुका मालवण, महिना डिसेंबर, मासळी बांगडा. ‘ग्रुप बाय’ म्हणजे गटवारी: सर्जेकोट, आचरे, देवबाग, तारकर्ली असे प्रत्येक केंद्र वेगळे. शेवटी ‘ऑर्डर बाय’ने क्रम ठरतो. पडद्यावर बटणे दाबून काम करणाऱ्यास हे शब्द दिसत नाहीत, परंतु तो जे जे निवडतो त्याचे रूपांतर याच पाच अंगांत होत असते. म्हणून आज्ञावली कोणतीही असो, प्रश्न आधी कागदावर मराठीत लिहून त्याची पाच अंगे वेगळी करण्याची सवय लाभदायक ठरते.

येथे बोलीभाषा आणि संगणकाची भाषा यांतील एक फरक ध्यानी घ्यावा लागतो. आपण सहज म्हणतो, ‘बांगडा आणि तारली यांची आवक दाखवा.’ संगणकाला मात्र ‘मासळी बांगडा आहे आणि मासळी तारली आहे’ अशी अट दिली, तर उत्तर रिकामे येते. कारण एका ओळीत एकच मासळी नोंदलेली असते आणि दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या करणारी ओळ असूच शकत नाही. तेथे ‘किंवा’ वापरावे लागते. त्यातही ‘तालुका मालवण आणि मासळी बांगडा किंवा मासळी तारली’ असे कंसाविना लिहिले, तर संगणक ‘आणि’ आधी सोडवतो. परिणामी मालवणचा बांगडा येतो, पण तारली मात्र साऱ्या जिल्ह्याची येते. बेरीज फुगते, आलेख देखणा दिसतो आणि चूक कोणाच्याही लक्षात येत नाही.

नावांचाही प्रश्न आहे. सुरमईला या किनाऱ्यावर इसवण म्हणतात, कोळंबीला सुंगटां. एका नोंदणाऱ्याने एक नाव लिहिले व दुसऱ्याने दुसरे, तर संगणकाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या जाती होतात. गावांच्या नावांतील ऱ्हस्वदीर्घ, मागेपुढे राहिलेली मोकळी जागा, एवढ्यानेही गट फुटतो. यास्तव मासळी, गाव, केंद्र यांची प्रमाण नावे व संकेतांक असलेली एक मूळ यादी ठेवून नोंद त्या यादीतूनच निवडण्याची व्यवस्था करणे हिताचे असते. नोंदणाऱ्याने बोलीतील नाव ऐकले तरी निवडावयाचा संकेतांक एकच राहतो.

एक ओळ म्हणजे काय?

अहवाल हाती आल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो हा, की ज्या सारणीवरून हा अहवाल निघाला, त्यातील एक ओळ म्हणजे काय? एक नौका, एक फेरी, एक कुटुंब, की एक व्यक्ती? मालवणच्या किनाऱ्यावर या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. यांत्रिक नौकेची नोंदणी होते, तिला क्रमांक मिळतो, मालकाचे नाव लागते. रापणीचे तसे नाही. तेथे जाळे एक, होडी लहान, आणि त्या जाळ्यावर जगणारी माणसे अनेक. ‘नौकानिहाय मच्छीमार’ असा अहवाल काढला, तर खोल समुद्रात जाणारी एक नौका आणि रापणीची एक होडी या दोहोंना सारखीच एक ओळ मिळते. त्या एका ओळीमागे रापणकरांची कितीतरी घरे उभी असतात, ती मोजणीत येतच नाहीत. वाटा घेणारे, दोर ओढणारे, मासळी विकणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी योजना आखावयाची असेल तर ओळ व्यक्तीची वा कुटुंबाची असली पाहिजे. नौकांची सारणी कितीही अचूक असली तरी ती या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

उतरलेल्या मासळीच्या आकड्यांबाबतही हेच लागू पडते. १९४७ मध्ये स्थापन झालेली व कोची येथे मुख्यालय असलेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशाच्या किनाऱ्यावरील मासळीचा अंदाज नमुना पाहणीने काढते. प्रत्येक नौकेची मासळी प्रत्येक दिवशी मोजणे शक्य नसते. म्हणून शास्त्रीय पद्धतीने केंद्रे व दिवस निवडले जातात, त्या दिवशी निवडक नौकांची मासळी नोंदली जाते आणि त्यावरून महिन्याचा व नंतर वर्षाचा अंदाज बांधला जातो. ही पद्धत राज्याच्या किनाऱ्यासाठी भरवशाची आहे. परंतु त्याच पाहणीतील नोंदी एखाद्या लहानशा वाडीपुरत्या वेगळ्या काढून त्यांवर निष्कर्ष काढू लागले, तर नमुना इतका तोकडा पडतो की आकड्याला आधार उरत नाही. पडद्यावर मात्र दोन्ही आकडे सारख्याच ठळक अक्षरांत दिसतात.

दोन नोंदवह्यांचा जोड

पृच्छेतील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत धोक्याची क्रिया म्हणजे दोन सारण्या जोडणे. तिला ‘जॉइन’ म्हणतात. सिंधुदुर्गच्या किनाऱ्याने नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार आणि मे २०२१ मध्ये तौक्ते ही वादळे अनुभवली. अशा प्रत्येक वेळी नुकसानीचे पंचनामे होतात आणि ते नौकांच्या नोंदणीशी ताडून पाहावे लागतात.

उदाहरणादाखल असे समजू, की एका गावात ४६ नौकांच्या नुकसानीचे पंचनामे झाले. नोंदणी क्रमांक जुळवून दोन सारण्या जोडल्या, तेव्हा अहवालात ४१ नौका आल्या. उरलेल्या ५ कोठे गेल्या? नोंदणीच्या सारणीत क्रमांक पूर्ण लिहिलेला होता. पंचनामा करणाऱ्याने घाईत कोठे मधल्या रेघा गाळल्या, कोठे केवळ शेवटचे अंक लिहिले. माणसाच्या डोळ्यास ते क्रमांक एकच दिसतात, संगणकाला ते भिन्न वाटतात. साधा जोड केवळ जुळलेल्या ओळी दाखवतो आणि न जुळलेल्या ओळी निमूटपणे गाळतो. तो चूक झाल्याची सूचना देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. ४१ नावांची यादी टंकलिखित होते, मंजूर होते, फलकावर लागते. ज्यांची होडी फुटली त्या ५ घरांना आपले नाव का नाही हे विचारण्यासाठी तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागतात.

यावर उपाय सोपा आहे. पंचनाम्यांची सारणी पूर्ण ठेवून तिला नोंदणीची सारणी जोडावी. या प्रकारास ‘लेफ्ट जॉइन’ म्हणतात. त्यात ४६ ही ४६ ओळी राहतात आणि ज्यांची नोंदणी सापडली नाही तेथे रकाना रिकामा दिसतो. त्या रिकाम्या ५ ओळींची वेगळी यादी काढून ती गावातून तपासून घ्यावी. काहींचा क्रमांक दुरुस्त होईल, एखाद्याची नोंदणी खरोखरच नसेल. निर्णय काय व्हावा तो नियमाप्रमाणे होईल, पण तो माणसाने विचारपूर्वक घेतलेला असेल. जोडापूर्वी किती ओळी होत्या व जोडानंतर किती झाल्या, हे दोन आकडे लिहून ठेवण्याची शिस्त प्रत्येक अहवालास लावली पाहिजे.

ओळी गळतात तशा वाढतातही. एका नौकेचे दोन पंचनामे आहेत, एक नौकेचा व एक जाळ्याचा. आणि साहाय्याचे प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन हप्ते दिले गेले आहेत. नौकेच्या क्रमांकावरून पंचनामे व हप्ते या दोन सारण्या थेट जोडल्या, तर प्रत्येक पंचनाम्याला प्रत्येक हप्ता लागतो आणि चार ओळी तयार होतात. हप्त्यांची बेरीज २०,००० ऐवजी ४०,००० दिसते. अशा अहवालावरून ‘तरतुदीपेक्षा अधिक खर्च झाला’ असा शेरा येऊ शकतो आणि प्रत्यक्षात न दिलेल्या पैशाचा जाब एखाद्या कर्मचाऱ्यास द्यावा लागतो. म्हणून आधी प्रत्येक सारणीत नौकानिहाय बेरीज करावी आणि मग त्या बेरजा जोडाव्यात.

शून्य आणि रिकामी जागा

शाळेत गैरहजर विद्यार्थ्याच्या नावापुढे गुणांच्या रकान्यात शून्य लिहिले जात नाही. तो नापास झालेला नसतो, परीक्षेलाच बसलेला नसतो. माहितीसाठ्यातही शून्य व रिकामी जागा यांत हाच फरक आहे. पावसाळी बंदीच्या काळात यांत्रिक नौकांची आवक शून्य असणे ही वस्तुस्थिती आहे. पण नोव्हेंबरच्या रकान्यात काही नसेल, तर त्याचा अर्थ बहुधा नोंद झाली नाही असा असतो. समजा, एका केंद्रावर ऑक्टोबरमध्ये ४० टन, डिसेंबरमध्ये ५० टन व जानेवारीत ३० टन मासळी नोंदली गेली आणि नोव्हेंबर रिकामा आहे. रिकामी जागा वगळली तर मासिक सरासरी ४० टन येते. तेथे शून्य भरले तर ती ३० टन होते. एवढ्या फरकाने एखादे केंद्र सुविधांच्या प्राधान्यक्रमात खाली जाऊ शकते. आज्ञावली रिकाम्या जागेचे काय करते हे अहवाल करणाऱ्यास माहीत असले पाहिजे आणि ‘इतक्या महिन्यांची नोंद नाही’ ही टीप तक्त्याखाली आली पाहिजे.

वर्षाचेही तसेच. शासनाचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, संशोधन संस्थेचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, तर मच्छीमाराचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होऊन मेअखेर संपतो. हंगामाच्या अखेरीस, एप्रिल व मे महिन्यांत, मिळालेली मासळी आर्थिक वर्षाच्या हिशेबात पुढील वर्षात जाते. दोन कार्यालयांचे आकडे जुळले नाहीत म्हणजे कोणीतरी खोटे लिहिले असा समज करून घेण्यापूर्वी वर्ष कोणते धरले आहे, हे पाहावे.

सरासरीच्या आड

पारंपरिक मच्छीमार व पर्ससीन जाळ्यांनी मासेमारी करणारे यांच्यातील संघर्ष या किनाऱ्याने अनेक वर्षे पाहिला आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. त्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. पर्ससीन मासेमारीवर हंगामाची व क्षेत्राची बंधने घालणारा आदेश राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी काढला. अशा प्रश्नात प्रत्येक पक्ष आकड्यांचा आधार घेतो, आणि तेथे अहवालाची रचना निर्णायक ठरते.

केवळ समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका बंदरावर एका दिवशी ५० नौका आल्या. त्यांतील २ मोठ्या नौकांनी प्रत्येकी २० टन मासळी आणली, उरलेल्या ४८ लहान नौकांनी प्रत्येकी १०० किलो. एकूण ४४.८ टन झाले आणि सरासरी दर नौकेस ८९६ किलो. या आकड्यावरून बंदर भरभराटीत आहे असे वाटेल. पण सर्व नौका उतरंडीने मांडून मधली पाहिली, म्हणजेच गणितात शिकवला जाणारा मध्यक काढला, तर तो १०० किलो येतो. ५० पैकी एकाही नौकेला ८९६ किलोच्या जवळपास मासळी मिळालेली नाही. सरासरी गणिताने बरोबर आहे आणि तरीही ती तेथील कोणाचीच स्थिती सांगत नाही. म्हणून नौकेचा प्रकार व जाळ्याचा प्रकार यांनुसार गट पाडल्याविना सरासरी देऊ नये, आणि शक्य तेथे मध्यकही द्यावा.

एकूण आकड्याच्या पोटात काय दडलेले असते, याचे उत्तम उदाहरण जनगणनेत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. २००१ मध्ये ती ८,६८,८२५ होती. म्हणजे दहा वर्षांत ती घटली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. केवळ हा आकडा पाहणाऱ्यास वाटेल, की मुलींच्या जन्माच्या बाबतीत जिल्ह्याला चिंतेचे कारण नाही. परंतु याच अहवालात वयोगटाचा रकाना उघडला, की ० ते ६ वर्षे वयाच्या मुलामुलींत हे प्रमाण हजाराच्या खाली असल्याचे दिसते. एकूण लोकसंख्येत स्त्रिया अधिक दिसतात त्याचे एक मोठे कारण कोकणाच्या जुन्या ओळखीचे आहे. पोटापाण्यासाठी पुरुष मुंबईस जातात आणि घर स्त्रिया सांभाळतात. आकडा एकच, वरवर पाहता तो समाधानाचा, उलगडून पाहता तो स्थलांतराचा. एकूण आकड्यावर बोट ठेवून त्याच्या आतील तपशिलात उतरण्याची ही सोय नव्या आज्ञावल्यांत असते. तिचा उपयोग करून घेणे हे वाचणाऱ्याचे काम आहे. शाळेच्या घटत्या पटाचा विचार करताना शिक्षकांना आणि कुलुपबंद घरांच्या घरपट्टीचा विचार करताना सरपंचांना हीच दृष्टी उपयोगी पडेल.

अहवाल कसा असावा?

चांगल्या अहवालात शोभेची चित्रे थोडी असतात. कोणत्या निर्णयासाठी तो काढला, हे त्याच्या शीर्षकातच कळते. तक्त्याखाली पाच गोष्टी छापलेल्या असाव्यात: माहिती कोणत्या सारणीतून घेतली, कोणत्या तारखेपर्यंतची आहे, कोणत्या अटी लावल्या, किती नोंदी वगळल्या गेल्या व का, आणि पृच्छा कोणी तयार केली. एकदा तयार झालेली पृच्छा नावासह जतन करून ठेवावी, म्हणजे कर्मचारी बदलून गेला तरी पुढील वर्षी तोच आकडा त्याच रीतीने निघेल. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो की नाही, हेही पाहावे. अक्ष मधूनच सुरू केला, तर किरकोळ चढउतारही डोंगराएवढा दिसतो.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपल्या कामाची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. त्याचबरोबर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या माहितीची जबाबदारीही घातली आहे. तीन घरांच्या वाडीचा ‘आजारनिहाय’ किंवा ‘कर्जनिहाय’ तक्ता फलकावर लावला, तर नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. अशा वेळी लहान गट एकत्र करून दाखवणे उचित ठरते.

शेवटचा पडताळा

पृच्छा बरोबर आहे की नाही, हे ओळखण्याची साधी कसोटी आहे. अहवालातील दहा ओळी डोळे मिटून निवडाव्यात आणि त्या मूळ नोंदवहीशी ताडून पाहाव्यात. त्यानंतर उलट दिशेने जावे: गावातील दहा माहितीच्या माणसांची नावे घ्यावीत आणि ती अहवालात आहेत का, ते पाहावे. पहिल्या तपासणीत चुकीच्या नोंदी सापडतात. दुसरीत सुटलेल्या नोंदी सापडतात. कार्यालयात बसून पहिली तपासणी करता येते. दुसरीसाठी गावात जावे लागते.

या दुसऱ्या तपासणीसाठी ग्रामसभेइतकी योग्य जागा नाही. यादी मंजूर होण्यापूर्वी ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी, न जुळलेल्या नोंदींची यादीही सोबत वाचावी आणि आलेल्या हरकती मूळ सारणीत दुरुस्त कराव्यात. केवळ छापील अहवालावर दुरुस्ती केली, तर पुढील वेळी तीच चूक पुन्हा छापून येते. रापणीवर वाटे पडताना जो तो आपला वाटा डोळ्यांनी पाहून घेतो, आणि कोणाचा राहिला असेल तर ते तेथल्या तेथे सांगितले जाते. संगणकावरील अहवालालाही अशी हरकत घेण्याची जागा व वेळ ठेवली, तर पंचनाम्यातील ४६ घरांपैकी एकही घर यादीबाहेर राहणार नाही.